आप्पांची फुल टाकी



पिठाला मर्यादा असते हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पिठाच्या डब्यावर दळणाची तारीख लिहायची सवय लावली ती आजही आहे. पण पेट्रोललाही मर्यादा असते हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही नुकसान करून घेतल्यावर.

आमची गाडी २०१४ सालची वॅगनआर. आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, आणि शेवटपर्यंत त्यांनीच चालवली. २०२३ च्या दिवाळीला गावाकडे निर्वाणलाडू चढवायला जायचं ठरलं होतं. तळोजा ते कोल्हापूर मध्ये थांबायला नको, म्हणून आप्पांनी आदल्या दिवशी पंपावर जाऊन टाकी फुल करून आणली. हवा तपासली, काच पुसली, स्टेपनी बघितली. त्या रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दिवाळी दवाखान्यात गेली आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते गेले.

त्याच आठवड्यात, १७ नोव्हेंबरला, आमच्याकडे बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. ह्यांना ऑफिसला जायला गाडीची गरजच उरली नाही. मी तर आधीपासून रिक्षाची माणूस. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये राहिली ती राहिलीच. हे दोन-तीनदा म्हणाले, "विकून टाकू." आई काही बोलायच्या नाहीत, पण दर शनिवारी ओलं फडकं घेऊन खाली जायच्या आणि गाडीच्या काचा पुसून यायच्या. मग विकायचा विषय पुन्हा महिनाभर निघत नसे. गाडी बाहेरून अगदी लख्ख. आत काय चाललंय हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मागच्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, आईंचे गुडघे फार दुखायला लागले. पनवेलला मंदिरात जायचं तर रिक्षात चढता येईना. मेट्रो बेलापूरकडे जाते, पनवेलला नाही. मी म्हटलं, दारात गाडी असताना आई दर्शनाला मुकतात हे काही बरोबर नाही. हे दौऱ्यावर होते. शेजारच्या मुलाला बोलावलं, त्यानं त्याच्या गाडीवरून वायर जोडून बॅटरीला जीव दिला आणि मी मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली. गाडी चालू झाली! आई वर गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. पाच मिनिटं गाडी खोकत, हिसके देत चालली, पिवळा दिवा लागला आणि बंद पडली. ती परत काही सुरू होईना. मी आपली किल्ली फिरवतेय, फिरवतेय.

तळोजा पाचनंदला आमचे जुने गॅरेजवाले चाचा आहेत. आप्पा त्यांच्याकडेच जायचे. ते आले, पेट्रोलच्या झाकणाला नाक लावलं आणि मला विचारलं, "ताई, हे कधी भरलेलं?" मी सांगितलं, चौदा महिने झाले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "पेट्रोल टाकीत खराब झालं तर ते टाकीपुरतं. तुम्ही किल्ली फिरवलीत म्हणजे ते पुढे नेऊन सगळीकडे वाढलंत."

हे वाक्य मी विसरणार नाही. बहिणींनो, तुमच्याकडे गाडी सहा महिन्यांच्या वर उभी असेल तर एवढं एक ऐका. आधी किल्ली फिरवू नका. आधी टाकीत काय आहे ते बघा.

पेट्रोल खराब होतं म्हणजे काय होतं, हे चाचांनी मला स्टुलावर बसवून समजावलं, आणि मी ते स्वयंपाकघराच्या भाषेत मनात उतरवून घेतलं. पेट्रोल म्हणजे एक वस्तू नाही, अनेक हलक्या-जड द्रवांचं मिश्रण. हलका भाग पटकन पेट घेतो, सकाळी थंड इंजिन त्याच्या जोरावर सुरू होतं, आणि नेमका तोच आधी उडून जातो. उरलेल्याला हवा लागली की त्याचा हळूहळू चिकट राळेसारखा थर तयार होतो. तेलाच्या बुधलीला बाहेरून बसतो ना, घासून निघत नाही असा चिकटा, तसाच. तो पंपाच्या जाळीत आणि पेट्रोल फवारणाऱ्या बारीक भोकांत बसतो. रंग गडद होतो, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो.

तिसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आप्पांनी भरलं तेव्हा साधारण दहा-बारा टक्के असायचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की काय होतं ते आठवा. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलची साथ सोडतात आणि तळाशी वेगळा थर करून बसतात. गाडीचा पंप पेट्रोल ओढतो तो तळातूनच. म्हणजे पहिला घास त्या पाण्याचा.

मी हे घरी येऊन आईंना सांगत होते. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, आमचा ऊस कारखान्याला जातो आणि त्याच्या मळीपासून इथेनॉल होतं, हेही सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गाडीत दारूच घालतात म्हण की." मी म्हटलं, "आई, गाडीनं नियम घेतलेला नाही." खूप दिवसांनी त्या हसल्या.

पण पेट्रोल काढून टाकावं लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "गाळून घेता येत नाही व्हय गं?" पन्नास-पंचावन्न वर्षं दोनपदरी छन्न्यानं पाणी गाळणारी बाई आणखी काय विचारणार? मी चाचांना खरंच विचारलं. ते म्हणाले, गाळून कचरा आणि गंज निघेल, उडून गेलेलं परत येणार नाही आणि विरघळलेला चिकटा कापडावर अडकणार नाही. मला कळत होतं की आईंना साडेतीन हजारांच्या पेट्रोलचं दुःख नव्हतं. त्या घरात आप्पांनी शेवटचं विकत आणलेलं तेवढंच उरलं होतं. त्यांचे कपडे आम्ही वाटून टाकले होते, चष्मा दान केला होता. मी काय बोलू? शेवटी एवढंच म्हटलं, "आई, त्याची मर्यादा संपली." त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "संपली असेल तर काढा. मर्यादा संपलेलं आपण घरात ठेवत नाही." आणि पुन्हा जपमाळ हातात घेतली.

चाचांनी आधी नमुना काढला. माझी दुसरी चूक इथे झाली. तो काचेच्या बरणीत रात्रभर स्थिर ठेवून तळाशी थर दिसतो का बघायचं होतं, आणि ती बरणी मी उत्साहानं वर घरी आणली, धुण्याच्या बाल्कनीत ठेवली. झाकण घट्ट होतं तरी तासाभरात वास देव्हाऱ्यापर्यंत. चाचांना फोन केला तर ते माझ्यावर ओरडलेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीनंही पेटते. शून्याखाली ४० अंश थंडीतसुद्धा ते पेटण्याइतकी वाफ सोडतं. आणि आमचा गॅस त्या बाल्कनीपासून दहा पावलांवर. गॅस बंद केला, दिव्याच्या बटनाला हात न लावता बरणी खाली नेली. नातवंडं असणाऱ्या घरात तर पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढणारे महाभाग अजून आहेत, त्यांना अडवा. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, आणि कुणी चुकून गिळलं तर उलटी काढायला लावायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सकाळी बरणी बघितली. रंग कडक चहाकडे झुकलेला, पण तळाशी थर नव्हता. चाचा म्हणाले, "आप्पांनी वाचवलं." टाकी काठोकाठ भरलेली असल्यामुळे आत दमट हवेला जागाच कमी होती. हीच टाकी पाव भरलेली असती तर तळोज्याच्या एका पावसाळ्यात आत घाम सुटून पाणी साचलं असतं. मी ते आईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, "फुल केली म्हणून?" हो, फुल केली म्हणून.

मग मागची सीट काढून, त्याखालचा पंप उघडून, बॅटरीची वायर आधी सोडवून, उघड्या हवेत त्यांनी जवळपास २८ लिटर पेट्रोल दोन पत्र्याच्या डब्यांत काढलं. डबे जमिनीवर ठेवून भरले, हातात धरून नाही, कारण स्थिर विजेची ठिणगी पडते. प्लास्टिकचा कॅन मी देऊ केला होता, तो त्यांनी बाजूला सारला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही परवान्याशिवाय ३० लिटरच्या वर पेट्रोल ठेवता येत नाही, आणि तेही ठेवायचं तर धातूच्या बंद डब्यात, किंवा काचेच्या पात्रात फक्त लिटरभर. पंपाची जाळी चिकट्यानं भरलेली होती. ती, फिल्टर आणि इंजेक्टर साफ करायला जो खर्च आला तो माझ्या किल्ली फिरवण्याचा. ह्यांना मी तो आकडा दोन दिवसांनी सांगितला.

आता प्रश्न होता काढलेल्या पेट्रोलचा. गॅरेजमध्ये असं पेट्रोल सुटे भाग धुवायला वापरतात आणि मग ते गटारात जातं, सगळीकडे हीच रीत. इथे मी अडले. मुनींच्या पाच समित्यांमध्ये शेवटची समिती टाकून द्यायच्या गोष्टीचीच आहे. काय टाकतो, कुठे टाकतो, तिथे जीव आहे का, हे बघून. आपण गाळलेल्या पाण्याची जिवाणी जिथलं पाणी तिथे पोचवतो, आणि २८ लिटर पेट्रोल गटारात? तळोज्याचं गटार शेवटी कासाडीला मिळतं. त्या नदीचं आधीच काय झालंय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसीत निळे कुत्रे फिरताना दिसले होते, त्यांचे फोटो जगभर गेले. माझ्या मुलीला तेव्हा शाळेत सगळे विचारायचे, "तुमच्याकडचे कुत्रे निळे का गं?" गंमत बघा, धोकादायक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं मोठं केंद्र आमच्या तळोजा एमआयडीसीतच आहे, पण ते कारखान्यांसाठी. घरगुती दोन डबे घेऊन मी कुणाच्या दारात जाणार?

तोडगा चाचांनीच काढला. तळाशी थर झालेला नव्हता, म्हणजे हे पेट्रोल दुबळं होतं, वाया गेलेलं नव्हतं. त्यांच्या जुन्या ओम्नीत आणि स्कूटरमध्ये ते एका भागाला पाच भाग ताजं पेट्रोल या हिशोबानं घालून संपवायचं ठरलं. थर दिसला असता तर हेही चाललं नसतं. आणि डिझेलच्या गाडीत तर एक थेंबही नाही. दीड महिन्यानं त्यांनी रिकामे डबे मला मुद्दाम आणून दाखवले.

डिझेलवरून आठवलं. चाचा सांगत होते की उभ्या डिझेल गाडीत तळाला पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, शेवाळासारखा गाळ होतो. मला आधी खरं वाटेना. डिझेलमध्येसुद्धा जीव! मग तो मारायला औषध घालतात. आधीच पाणी साचू न देणं आपल्याला जास्त परवडतं, सगळ्याच अर्थांनी.

आमच्या टाकीत तळाशी चार-पाच लिटर जुनं राहिलं होतं. चाचांनी विचारलं, "तेही काढू?" मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "चालत असेल तर राहू दे." वीस लिटर ताजं पेट्रोल त्यावर घातलं. आमची गाडी २०१४ ची, आणि २० टक्के इथेनॉल चालेल अशा गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून बनायला लागल्या, म्हणून चाचांनी रबरी नळ्या वर्षातून एकदा दाखवायला सांगितल्या आहेत. विमा संपलेला, पीयूसी संपलेली, ती कामं आठवड्याभरात उरकली. चारही टायर उभ्या जागी चपटे झाले होते, त्यातले दोन बदलावे लागले.

आता दर रविवारी गाडी निघते. नुसती पार्किंगमध्ये पाच मिनिटं घरघरवून काही होत नाही, अर्धा तास रस्त्यावर धावली पाहिजे, म्हणून मी चाळिशीत सोडलेलं ड्रायव्हिंग पुन्हा शिकतेय. चातुर्मासात आम्ही प्रवास कमी करतो, तेव्हाही पनवेलची फेरी चुकवत नाही. भरलेल्या पेट्रोलची तारीख मी एका कागदावर लिहून गाडीच्या काचेला आतून लावते, पिठाच्या डब्यासारखी.

पहिल्या रविवारी आई पुढच्या सीटवर बसल्या. कळंबोलीजवळ सिग्नलला गाडी उभी होती तेव्हा त्यांनी विचारलं, "आता जळतंय त्यात ह्यांचं किती असंल गं?" मी मनात हिशोब केला. म्हटलं, "पाचातला एक भाग, आई." त्यांनी मान हलवली आणि सिग्नल सुटेपर्यंत समोर बघत राहिल्या.