पालथा घडा?

व्यसनी माणसाला दुसऱ्यांदा उपचारासाठी न्यायचे म्हटले की नातेवाईक हमखास म्हणतात, "पालथ्या घड्यावर पाणी!" पहिले पैसे वाया गेले, आता आणखी कशाला, हा त्यातला अर्थ. माझ्या मामांच्या बाबतीत ही म्हण मी इतक्यांदा ऐकली, की तिच्या खरेपणाविषयीच मला शंका येऊ लागली.

मामा दारू सोडण्यासाठी तीनदा दाखल झाले. पहिल्या खेपेस त्यांना दोघांनी धरून नेले. परतल्यावर पंधरवड्यात ते पुन्हा गुत्त्यावर दिसले. दुसऱ्या खेपेनंतर सात महिने बरे गेले आणि एका पगाराच्या दिवशी सारे मुसळ केरात! तिसऱ्या खेपेस मात्र पिशवी त्यांनी स्वतःच भरली.

"मामा, भीती नाही वाटत?" मी विचारले.

"हात थरथरतील, डॉक्टर औषध देतील, चार दिवसांनी उतार पडेल. ठाऊक आहे आता. आणि पगाराच्या दिवशी तुझी मामी कचेरीच्या दारात उभी राहील."

यातले पहिले शहाणपण पहिल्या उपचाराचे, दुसरे दुसऱ्याचे. घरच्यांनी घसरणी मोजल्या. मामांनी ते सात महिने मोजले. आपण एवढे दिवस दारूवाचून राहू शकतो, हे त्यांना प्रथमच कळले होते.

अमेरिकेतील बिल विल्सन हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात चार वेळा दाखल झाला. दारूबाजी हा दुबळेपणा नसून आजार आहे, हे तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला आधीच समजावले होते. तरीही तो पुन्हा प्याला. डिसेंबर १९३४ मधील चौथ्या खेपेनंतर मात्र १९७१ साली मृत्यू येईपर्यंत त्याने दारूला स्पर्श केला नाही. डॉक्टरांचे तेच म्हणणे त्याने १९३५ साली अ‍ॅक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या मद्यपीला सांगितले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. पहिल्या तीन खेपांना वाया गेलेल्या कसे म्हणावे?

अर्थात नुसत्या खेपा वाढल्याने कोणी बरा होत नाही. "मला सगळे ठाऊक आहे" ही घमेंड किंवा "माझे काही होणार नाही" ही निराशा, दोन्ही त्याच अनुभवातून येतात. म्हणून गेल्या वेळी काय घडले, हे शांतपणे विचारणारे कोणीतरी लागते. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच कार्यकर्ते म्हणून काम करतात. घसरणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मामांना आता चार वर्षे झाली. ते मात्र वर्षे सांगत नाहीत. "आजचा दिवस गेला" एवढेच म्हणतात. उद्या चौथी खेप आलीच, तर "पुन्हा?" असे न विचारता "या वेळी कुठे अडले?" असे विचारायचे, हे मी आणि मामीने ठरवून ठेवले आहे.