सोंगे वाटताना

परदेशी बोलपटांची हौस आम्हा सातारा-सांगलीकडच्या मास्तर मंडळींना बेताचीच. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याच्या एका स्नेह्याने बळेबळेच मला 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' हा २०११ सालचा चित्रपट दाखवला, आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

पॅलेस्टाईनमधल्या बिलिन गावचा इमाद बर्नाट हा एक शेतकरी. २००५ साली चौथा मुलगा झाला, त्याचे कौतुक टिपावे म्हणून त्याने कॅमेरा घेतला. त्याच सुमारास इस्रायली सैन्याच्या पहाऱ्यात गावच्या जमिनीतून कुंपण निघाले, आणि पाळण्यापाशी राहायचा तो कॅमेरा बांधावर गेला. एकामागून एक पाच कॅमेरे मोडले!

मला त्यात सर्वांत भावले ते हे, की गाव तिथे एका चेहऱ्याचे नाही. अदीब तापट, सैनिकांपुढे उभा राहून गरजणारा. त्याचा दोस्त 'फील', म्हणजे हत्ती, हसरा आणि पोरांचा लाडका. २००९ साली अश्रुधुराचे नळकांडे लागून तो गेला. इमादची बायको सोराया 'आता पुरे करा ते चित्रण' म्हणून नवऱ्यावर अशी कडाडते, की कोणाही मराठी नवऱ्याला ओळख पटावी. आणि त्याच्या जोडीचा दिग्दर्शक गाय डेव्हिडी चक्क इस्रायली! नाहीतर पीडितांचे चित्र काढायचे म्हणजे एक म्हातारी, एक रडते मूल नि एक बंदूक, एवढ्यावर आपले भागते.

हे मनात घोळत असतानाच शाळेच्या संमेलनात 'प्रतिसरकार' बसवायचे ठरले. आमचे गाव कृष्णाकाठचे. १९४३ ते १९४६ याच टापूत क्रांतिसिंह नाना पाटलांचे राज्य चालले. (तेव्हा हा सारा साताराच, सांगली जिल्हा हे नाव १९६० सालचे.) सोंगे वाटायला बसलो, तर वर्गातल्या यच्चयावत मुलांना नाना पाटील व्हायचे! उरलेल्यांची समजूत शेणोलीच्या आगगाडीवर काढली. ७ जून १९४३ ला तुफान सेनेने पगाराचा पैसा लुटला ती गाडी. बाके जोडून ती तयारही झाली.

"सर, आम्ही काय करायचं?" एका मुलीने विचारले.

"भाकरी थापायच्या, दुसरं काय!" मागच्या बाकावरून उत्तर आले.

मग मी नाना पाटलांच्या लेकीची, हौसाताई पाटलांची गोष्ट सांगितली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर साथीदाराने त्यांना ठरवून मारझोड केली. भांडण सोडवायला शिपाई बाहेर आले, आणि इकडे सोबत्यांनी ठाण्यातल्या बंदुका लांबवल्या. २०२१ साली हौसाताई गेल्या. ती मुलगी क्षणभर विचार करून म्हणाली, "मार खाईन सर, पण एक बंदूक मीपण उचलणार." मी होकार दिला. इतिहासकारांनी रागावू नये.

मातंग वस्तीतल्या एका मुलाला पोरांनी परस्परच दरोडेखोर ठरवले होते. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि त्यानेही तक्रार केली नव्हती. मुकाट्याने तो फडके तोंडाला बांधून पाहत होता. ते मला पाहवेना. शेजारचे वाटेगाव हे अण्णाभाऊ साठ्यांचे. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली, तीत हजेरीचा जाच आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांच्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली सुटला. मीही रोज हजेरी घेतो, पण ती हजेरी वेगळी!

नाटकाच्या आरंभी चावडीचा एक प्रवेश जोडला आणि त्याला फडके सोडायला सांगितले. तालमीत फौजदार झालेल्या पोराने ऐटीत त्याचे नाव पुकारले. त्याने म्हणायचे होते, 'हजर.' तो नुसता बघत राहिला. फौजदार पुन्हा ओरडला, मग गोंधळून माझ्याकडे पाहू लागला, कारण पुढचे वाक्य मी लिहिलेलेच नव्हते. बाकांची आगगाडी थांबून राहिली. मी त्याला 'बोल' म्हटले नाही.