डिस्क एकच, नोंदवही कुणाकडे?

गणपती विसर्जन झालं की पुण्यातल्या डीटीपी कार्यालयांत दिवाळी अंकांची घाई सुरू होते. अशाच एका कार्यालयातून काही वर्षांपूर्वी मला तातडीचं बोलावणं आलं. मजकूर जुळवायला विंडोजचे दोन संगणक, मुखपृष्ठ आणि सजावटीसाठी एक जुना मॅक, वर्गणीदारांच्या पत्त्यांसाठी एक लिनक्सवाला, आणि या चौघांत मिळून दोन टेराबाइटची एक पोर्टेबल हार्ड डिस्क. दिवसभर ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. त्या दुपारी एका ऑपरेटरने घाईत केबल ओढली, डिस्क मॅकला लावली आणि जाहिरातींचं अख्खं फोल्डर रिकामं दिसलं.

फायली गेल्या नव्हत्या. त्या कुठे आहेत हे सांगणारी नोंद अर्धवट राहिली होती.

डिस्कवर मजकुराबरोबर एक नोंदवहीही असते. कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे, कुठली जागा मोकळी आहे, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. हिलाच फाइल सिस्टिम म्हणतात. अडचण अशी की प्रत्येक कंपनीने वही लिहायची आपापली पद्धत काढली. विंडोजची एनटीएफएस 1993 मध्ये आली. मॅक ती वाचतो, पण स्वतःहून तिच्यात लिहीत नाही. मॅकची एपीएफएस विंडोजला मुळीच उमगत नाही. जुनी फॅट32 सगळ्यांना कळते, पण तिच्या नोंदीत फाइलच्या आकारासाठी 32 बिटांचीच जागा आहे. त्यामुळे 4 जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल तिच्यात मावत नाही. मोठ्या आकाराच्या मुखपृष्ठाची अनेक थरांची फाइल किंवा मुलाखतीचं चित्रीकरण ही मर्यादा सहज ओलांडतं.

म्हणून हातोहात फिरणाऱ्या डिस्कसाठी आज एक्सफॅट हाच व्यवहार्य पर्याय उरतो. मायक्रोसॉफ्टने ती 2006 मध्ये आणली. मॅकमध्ये ती वाचण्या-लिहिण्याची सोय आहे. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या 5.4 आवृत्तीत तिला जागा मिळाली. या कार्यालयाची डिस्कही एक्सफॅटचीच होती, आणि फसगत नेमकी तिथेच झाली. एनटीएफएस वहीत बदल करण्याआधी ‘आता हे करतोय’ अशी टिपणी बाजूला लिहून ठेवते. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली, तर त्या टिपणीवरून वही पुन्हा जुळवता येते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. इजेक्ट न करता डिस्क काढणं म्हणजे कारकून लिहीत असताना त्याच्या हातून वही हिसकावणं. दुरुस्तीच्या साधनाने त्या दिवशी बहुतेक फायली परत मिळाल्या. तीन जाहिराती मात्र पुन्हा कराव्या लागल्या, आणि त्या करणाऱ्या मुलीचा रात्री साडेअकराला उतरलेला चेहरा माझ्या अजून लक्षात आहे.

मग कार्यालयातल्यांनी विचारलं, ही डिस्क दोन संगणकांना एकदम जोडता येणार नाही का? यूएसबीच्या रचनेत एका साखळीला एकच यजमान असतो, त्यामुळे नाही. बाजारात बटण दाबून डिस्क या संगणकाकडून त्या संगणकाकडे वळवणारे स्विच मिळतात, पण तेही एका वेळी एकालाच जोडतात. आणि समजा जोडता आली, तरी जोडू नये. प्रत्येक संगणक वहीची एक प्रत स्वतःच्या स्मृतीत धरून बसतो. दुसऱ्याने मधल्या वेळेत काय लिहिलं याचा त्याला पत्ता नसतो. एकाच जमिनीचे दोन जुने सातबारा उतारे हातात घेऊन दोघांनी तो तुकडा दोन गिऱ्हाइकांना विकावा, तशी गत होते. एकाच मोकळ्या जागेत दोघं लिहितात आणि दोन्ही फायली बिघडतात. मोठ्या संस्थांत यासाठी सतत एकमेकांशी बोलून वही सांभाळणाऱ्या खास फाइल सिस्टिम असतात. चार टेबलांच्या कार्यालयाला तो व्याप नको.

तिथे उपाय साधा आहे: वही एकाकडेच द्यायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं. आम्ही कोपऱ्यातला एक निवृत्त विंडोज संगणक झाडूनपुसून घेतला, एनटीएफएस केलेली डिस्क त्याला कायमची जोडली आणि फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं. मग मॅकवरून त्याच डिस्कवर फायली विनासायास लिहिल्या जाऊ लागल्या. सजावटकाराला हे खरंच वाटेना, कारण मॅक एनटीएफएसवर लिहीत नाही हे त्याने पाठ केलं होतं. पण मॅकला आता डिस्कची वही दिसतच नाही. तो फक्त म्हणतो, ‘ही फाइल ठेव’, आणि ती कुठे, कशी ठेवायची हे कोपऱ्यातला संगणक ठरवतो. एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने उघडू पाहिली, तर बहुतेक वेळा ‘सध्या वापरात आहे’ असंही तोच सांगतो.

हा संवाद एसएमबी नावाच्या भाषेत चालतो. तिची सुरुवात 1980च्या दशकात आयबीएममध्ये झाली. पुढे कॅनबेरात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991-92च्या सुमारास ती उकलून युनिक्ससाठी मुक्त आज्ञावली लिहिली. एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधताना तिला ‘सांबा’ हे नाव मिळालं. 2013 पासून मॅकही आपसांतल्या फाइल शेअरिंगसाठी आधी एसएमबीच वापरतो. राउटरच्या मागच्या यूएसबी खाचेत डिस्क खोचूनही हेच काम होतं, पण जुने राउटर एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या दोषातून. असा राउटर मी कुठल्याही कार्यालयात डिस्कसाठी वापरू देत नाही.

वेग आधी निराशाजनक होता. वीस जीबीचं फोल्डर जायला अर्धा तास लागायचा. दोष डिस्कचा नव्हता, भिंतीतल्या केबलचा होता. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली तर जोडणी मुकाट्याने शंभर मेगाबिटवर उतरू शकते. केबल बदलल्यावर तेच फोल्डर तीन-चार मिनिटांत जाऊ लागलं.

एक गुंता खास आपल्या लिपीचा निघाला. ‘दुसऱ्या फेरीचे प्रूफ’ नावाच्या दोन फायली विंडोजवर शेजारी शेजारी दिसत होत्या. अक्षर न् अक्षर तेच, तरी फायली वेगळ्या. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही पद्धत नावातली जोडचिन्हं सोडवून साठवते. ‘ऱ्या’मधला ‘ऱ’ तिथे ‘र’ आणि खालचा नुक्ता असा दोन भागांत लिहिला जातो. तिथून झिप होऊन आलेलं नाव डोळ्यांना सारखं दिसतं, संगणकाला मात्र वेगळं. तेव्हापासून तिथे फायलींची नावं ‘प्रूफ-2’ अशी ठेवतात. आपल्या भाषेत नाव देऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण अंक छपाईला जाण्याच्या आठवड्यात चुकीचं प्रूफ प्लेटवर गेलं, तर लेखकाच्या वर्षभराच्या कामावर पाणी पडतं.

सामायिक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे पटवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. चौघांनाही तिच्यावर लिहिता येतं, म्हणजे चौघांपैकी कुणाच्याही संगणकात शिरलेलं खंडणीखोर सॉफ्टवेअर तिच्यावरच्या फायलींना कुलूप घालू शकतं. म्हणून दुसरी डिस्क आली. दर शनिवारी संध्याकाळी ती कोपऱ्यातल्या संगणकाला लावतात, प्रत घेतात, इजेक्ट करतात, आणि संपादक ती पिशवीत घालून घरी नेतात.