वांटा आणि माप

जी वस्तु अनेकांच्या सामाईक मालकीची, तिचा वापर मोजणें दिसतें तितकें सोपें नाहीं. एका वाड्यांत चार बिऱ्हाडें आणि विजेचें मीटर एकच असलें, म्हणजे महिनाअखेर काय प्रसंग उद्भवतो हें वाचकांस सांगावयास नको. संगणकांच्या जगांत आज हाच प्रश्न उभा आहे, आणि त्याचें मर्म आम्हांस सांपडलें तें आमच्या खानदेशांतील पांझरेच्या कांठीं.

हल्लीं एका मोठ्या यंत्राचे भाग पाडून ते अनेक कामांस वांटून देतात. एका पद्धतींत प्रत्येक भाग स्वतंत्र यंत्रच असल्याचा आभास उत्पन्न करितात. तें 'व्हर्च्युअल मशीन'. दुसरींत सर्वांचा कारभार पाहणारा 'कर्नेल' एकच असतो, फक्त प्रत्येक कामाभोंवतीं कुंपण घालितात; तो 'कंटेनर'. लिनक्समध्यें असा वांटा ठरविण्याची 'सीग्रुप' नांवाची सोय २००८ सालीं आली, व २०१३ सालीं 'डॉकर' निघाल्यावर कंटेनरांचा प्रसार झपाट्यानें झाला.

अडचण ही कीं, कुंपणाच्या आंत बसून पाहणाऱ्यास खरें माप दिसत नाहीं. ६४ जीबी मेमरीच्या यंत्रांत एखाद्या कंटेनरच्या वांट्यास २ जीबीच आले असले, तरी आंतून विचारल्यास बहुधा ६४ चाच आंकडा समोर येतो. त्यावर विसंबून काम हात सैल सोडतें, आणि मर्यादा ओलांडतांच कर्नेल तें बंद पाडतो. उलट, फायली हाताशीं राहाव्यात म्हणून अडविलेली मेमरीहि वापरांत धरली जाते. ती मागतांच सुटणारी असते, पण आंकडा पाहणारा उगाच घाबरतो. व्हर्च्युअल मशीनची पाळी दुसऱ्यानें घेतली, तर त्या गमावलेल्या वेळास 'स्टील', म्हणजे चोरी, असेंच नांव आहे. चोर कोण, हें मात्र आंतून कळत नाहीं.

आमचा भाचा जळगांवच्या एका पतसंस्थेचें हिशेबाचें काम पाहतो. तें रात्रीं वारंवार बंद पडे, सकाळीं ठेवीदार खिडकीपुढें ताटकळत. तक्ता मात्र भरपूर जागा शिल्लक दाखवी. शेवटीं त्यानें मूळ यंत्राच्या बाजूनें सीग्रुपचे आंकडे वाचले, तेव्हां व्याजाच्या आकारणीच्या वेळींच मर्यादा भरते हें उघड झालें. वांटा वाढविणें एका ओळीचें काम होतें. तो कोणाच्या वांट्यांतून काढावयाचा, हें ठरण्यास चार दिवस लागले.

धुळें जिल्ह्यांत पांझरेवर फड पद्धति शेंकडों वर्षें चालत आली. नदीस बंधारा घालून पाणी पाटानें आणावयाचें, जमिनीचे तीनचार फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें व पिकें फिरवीत राहावयाचें. पाणी कोणी आपल्या हातानें घ्यावयाचें नाहीं. तें नेमलेला पाटकरी क्रमानें देई. पाऊस कमी पडला तर भिजवावयाचे फडच कमी करीत. पाटकऱ्याजवळ मीटर नव्हतें. पण तो अशा जागीं उभा असे, कीं जेथून सर्वांचे वांटे एकदम दिसत, आणि त्याचा शब्द मानण्याचें गांवानें आधींच ठरविलेलें असे. माप आणि मान्यता यांची ही जोडी फार मोलाची होय.

आज ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली आहे. तिकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत प्रत्येकाची कूपनलिका निराळी, विजेचें बिल निराळें. भूमीखालचें पाणी मात्र एकच. प्रत्येकजण आपल्या कुंपणांतून पाहतो व पंप चालू आहे तोंवर पाणी भरपूर आहे असें समजतो. त्या पाण्याचा पाटकरी कोण, हा प्रश्न संगणकांच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे. कारण बंद पडलेलें यंत्र पुन्हां सुरू करितां येतें, आटलेली भूमि नाहीं.