घसारा

बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला होता. टेबल घ्या, पंखा घ्या, दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी करत जायची आणि शेवटी जे उरेल त्याला भंगार किंमत म्हणायचे. हा नियम टेबलामागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे कळायला मात्र मला पंचेचाळीस वर्षे लागली.

सुरुवात डोळ्यांनी केली. चेकवरची रक्कम वाचायला मी चेक जरा लांब धरू लागलो. मग आणखी लांब. एक दिवस हात संपला. काउंटरपलीकडच्या गृहस्थांना वाटले, मी चेक परतच देतोय. त्यांनी तो घेतला आणि "काय चुकलं?" म्हणून विचारले. डॉक्टर म्हणाले, "विशेष काही नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं. जवळचं बघायला त्याला जरा फुगावं लागतं, ते आता होत नाही." याच वयात पोटाला फुगणे इतके सहज जमते, मग भिंगालाच काय धाड भरली? त्यातून मराठी भाषा मोठी फटकळ. या चष्म्याला तिने 'चाळिशी' असेच नाव देऊन ठेवले आहे, म्हणजे वय लपवायची सोयच नाही. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि समोर कोणी ओळखीचे नसले तरच लावतो.

सरकारदरबारी म्हातारपण साठाव्या वर्षी सुरू होते. 2007 च्या कायद्याने साठी गाठलेल्याला ज्येष्ठ नागरिक ठरवले आहे. बँकाही साठीपासून मुदत ठेवीवर सहसा अर्धा टक्का जादा व्याज देतात. एस.टी. मात्र पासष्टीपर्यंत दम धरते आणि मग अर्धे तिकीट देते. पंच्याहत्तरी झाली की 2022 पासून प्रवास फुकट. म्हणजे बघा, लहानपणी फुकट, मग अर्धे, मग पूर्ण, मग पुन्हा अर्धे आणि शेवटी पुन्हा फुकट. फरक एवढाच, की तेव्हा आईच्या मांडीवर बसायला मिळायचे.

आमच्या शाखेत म्हातारपणाचा हंगाम नोव्हेंबरात येतो. पेन्शनर मंडळी आपण हयात आहोत हे सांगायला रांग लावतात. समोर उभे राहून, पंखा बंद का म्हणून मला झापणारा माणूस जिवंत आहे हे मला दिसत असते, पण माझ्या दिसण्याला किंमत नाही. 2014 पासून हा दाखला बोटाच्या ठशावर काढायची सोय झाली. पण उतारवयात कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेघा पुसट होतात. जन्मभर भांडी घासलेल्या एका आजींचा ठसा यंत्राने चारदा नाकारला. आजी म्हणाल्या, "मग मी आता जाऊ कुठं? वर?" आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे त्या यंत्राचे उपकार.

तर आमचे अण्णा. वय शहात्तर. पोस्टाच्या बचत खात्याच्या खिडकीवर त्यांनी उमेदीची वर्षे काढली. सही जुळली नाही की फॉर्म परत. कोणी म्हटले, "अहो, वय झालं, हात थरथरतो," की अण्णांचे उत्तर ठरलेले, "पुन्हा करा. सावकाश." त्यांची स्वतःची सही म्हणजे दागिना. शेवटच्या अक्षराची वेलांटी उलटी फिरून सबंध नावावर छत्री धरायची.

गेल्या एप्रिलात त्यांचा दहा हजारांचा चेक माझ्याच टेबलावर आला. मुलगा बँकेत असूनही अण्णा रांगेतूनच येतात. स्क्रीनवर निवृत्तीच्या वेळची सही, छत्रीसकट. चेकवर मात्र पावसात भिजलेल्या कावळ्यासारखे काहीतरी. सही करणाऱ्याला मी जन्मापासून ओळखतो. पण 'जन्मापासून ओळख' असा रकाना आमच्याकडे नाही.

"काय, जुळत नाही?" अण्णांनी विचारले.

"अण्णा, पुन्हा एकदा कराल का?" आणि जीभ आवरायच्या आत पुढचा शब्द निघून गेला, "सावकाश."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. बाकावर बसून एका स्लिपच्या पाठीमागे त्यांनी सहा सह्या केल्या. सहाही वेगवेगळ्या. घरी चहाची बशी हल्ली त्यांच्या हातात वाजते, हे मला माहीत होते. मी ते बशीच्या खात्यावर टाकले होते.

"सहीचा नवा नमुना घे," ते म्हणाले. "फॉर्म आण."

या खेपेला त्यांनी एकेक अक्षर सुटे, पाटीवर गिरवल्यासारखे लिहिले. छत्री नाही. साहेबांनी मंजुरी दिली, त्याच सहीचा नवा चेक झाला, पैसे निघाले. नोटा खिशात घालताना अण्णा म्हणाले, "पोस्टात एक म्हाताऱ्या बाई यायच्या. तीनदा परत पाठवलं मी त्यांना. सही जुळत नव्हती."

"मग?"

"मग काय. चौथ्यांदा आल्या नाहीत."

मला बोलायला काही सुचेना. म्हणून मी नमुन्याचा फॉर्म उगाच नीट लावत बसलो. अण्णा दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

"त्या फॉर्मवर तारीख घालायची राहिलीय तुझी," ते म्हणाले. "ड्रॉवरातला चष्मा काढ आणि बघ."