तयार घर घ्यावं की बांधावं? आमच्या घरचा हिशोब



सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून झाला. आज मात्र पिकाची नोंद नाही. गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो चालू असणार. लातुरात तयार रो-हाऊस घ्यायचं, का गावातच घर बांधायचं?

विषय निघाला पोरीमुळे. ती यंदा दहावीला आहे, अकरावीपासून लातूर. बायकोचं म्हणणं सरळ होतं: "आवो, पोरीचं शिक्षण बी होईल आन् डोक्यावर हक्काचं छप्पर बी होईल. किल्ली घ्यायची आन् राहायला जायचं." यात खोट काढण्यासारखं काही नाही. तयार घर डोळ्यांनी बघून घेता येतं. भिंतीला ओल आहे का, नळाला पाणी किती वेळ येतं, शेजारी कोण आहे, सगळं आधी कळतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर जीएसटीही लागत नाही. फक्त महारेराची नोंद आणि कार्पेट क्षेत्र आपण स्वतः तपासायचं, जाहिरातीतल्या आकड्यावर जायचं नाही.

मग हिशोबाला बसलो. घराची किंमत ३४ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. २० लाख कर्ज काढायचं, उरलेल्यासाठी सहा एकरातलं एक एकर विकायचं. वीस वर्षं, ९ टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता येतो साधारण १८ हजार. म्हणजे रोज ६०० रुपये, आणि वर्षाला २ लाख १६ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पुरा हातात पडला असं धरलं तरी हप्त्यासाठी ४० क्विंटल लागतात. एकरी आठ क्विंटलने पाच एकराचं पीक झालं हे. त्यात बी, खत, फवारणी, काढणी काहीच धरलेलं नाही. आणि एक एकर विकल्यावर आपल्याकडे राहतात पाचच एकर!

पण आकड्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला येतो. आपला पैसा येतो वर्षातून दोनदा, सोयाबीनला आणि हरभऱ्याला, तोही आभाळाच्या मर्जीने. नोकरदाराला हप्ता जड गेला तर तो खर्च कमी करतो. आपण कमी काय करणार, खत?

बांधकामाचं उलट आहे. गावातल्या मिस्त्रीने ७५० चौरस फुटाला १,७०० रुपये दर सांगितला, म्हणजे पावणेतेरा लाख. रक्कम मोठीच आहे, पण ती एकदम लागत नाही. यंदा जोतं, पुढच्या वर्षी भिंती, त्याच्या पुढच्या वर्षी स्लॅब. पीक गेलं तर काम थांबतं, जमीन जात नाही. थांबलेल्या कामाचा त्रास असतोच, सामानाचे भाव वाढतात, उघडी सळई गंजते. सळईला सिमेंटचा घोळ लावून ठेवता येतो. चुकलेल्या हप्त्याला असलं काही लावता येत नाही.

तयार घराबद्दल आमच्या भागात बोलायचं तर किल्लारी आल्याशिवाय राहत नाही. आम्ही औसा तालुक्यातले, पुनर्वसन झालेल्या गावातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जुनं गाव गेलं. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर माळवद. दरवर्षी गळती थांबवायला माळवदावर मातीचा थर पडायचा, ओझं वाढत जायचं. तेच ओझं माणसांवर आलं. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली आणि घरं बांधून दिली. जमिनीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. आमच्या एकत्र कुटुंबाची तेव्हा १४ एकर होती, आम्हाला ४०० मिळालं. घर मजबूत आहे. त्या घराने आम्हाला झोप परत दिली, हे आम्ही विसरणार नाही.

पण आई आजही म्हणते, "घर चांगलं हाय, पर म्हैस कुठं बांधावी, कडबा कुठं रचावा, हे इचारायला कुणी आलं न्हाई." गाव सरकलं, शेत जागेवर राहिलं. नंतर आमच्या गल्लीत प्रत्येकाने घराला काहीतरी जोडलं. कुणी पत्र्याचा गोठा, कुणी ओसरी, कुणी न्हाणीघर. तयार घर घेतलं तरी बांधकाम सुटत नाही मंडळी, ते मागून येतं.

"घर पाहावं बांधून" ही म्हण लोक घाबरवायला सांगतात. त्यातली खरी भीती बायकोने बोलून दाखवली: "बांधणार तुम्ही, आन् गवंड्यांचा चहा, पाणी, राखण माझ्याकडं." हे खरं आहे. घर बांधलं असं पुरुष सांगतो, दोन वर्षं वाळूत संसार बाई करते. म्हणून ठरवताना तिच्या अटी आधी लिहिल्या. काम सामानासकट गुत्त्याने द्यायचं, चहापाणी गुत्तेदाराचं. भिंतीला पाणी मारायचं काम माझं. स्वयंपाकघर, मोरी आणि गोठ्याकडचं दार कुठे, हे ती ठरवणार. तिने खळ्यावर काडीने नकाशा काढला, इंजिनिअरने तोच कागदावर घेतला. भूकंपाचे पट्टे मात्र त्याच्याच हिशोबाने: जोत्याला, लिंटेलला आणि छताला. तिथे पैसे वाचवायचे नाहीत, यावर आईचा शब्द शेवटचा.

पोरीचं काय? आमचा गुंता सुटला तो इथे. तिची लातूरची गरज दोन वर्षांची, आमची घराची गरज चाळीस वर्षांची. दोन्ही एकाच घरात कोंबायला गेलो म्हणून एक एकर विकायची पाळी येत होती. दोन वर्षांसाठी दोन खोल्या भाड्याने घेऊ. आई म्हणाली, "मी जाते पोरीसंगं." बायकोने होकार दिला, पण एक अट घालून: पोरीने पुढे लातुरातच नोकरी धरली तर हा विषय परत निघणार. कबूल.

नोकरी असेल, महिन्याला पगार असेल, शेतीला माणूस नसेल, तर तयार घर घ्या. त्यात कमीपणा नाही. पण ज्याचा पैसा राशीबरोबर येतो, त्याने घरही राशीबरोबर वाढवावं, असं माझं मत झालं आहे.

आता काम. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पिकाला सोनं, पायाला वैरी. पाया मुरुमात गेलाच पाहिजे. मुरूम पाच फुटांवर लागेल असा अंदाज आहे. जोतं याच हिवाळ्यात, कारण विहिरीला पाणी आहे. काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी लागतं, आणि एप्रिलमध्ये ते प्यायलाच पुरत नाही. सोमवारी जेसीबी येतोय. खड्ड्याची मापं पुढच्या नोंदीत टाकतो.