सरकलेला गडगा

निशी-कसाईत आपल्यापैकी कुणाकडेही चहाला बसा, अर्ध्या तासात विषय गावाकडच्या जागेवर येतो. कुणाचा बंद फ्लॅट, कुणाची शेती. मालक परदेशात आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुंपण नेमकं अशाच जागेचं सरकतं.

आमचं कोकणातलं कलमांचं आवार बाबांनंतर माझ्या नावावर आलं. गेल्या मे महिन्यात काकांचा फोन आला, "अगं, शेजाऱ्याने गडगा चार हात आत घेतलाय. दोन कलमं त्याच्याकडे गेली." त्यातलं एक मी जपानला आले त्या वर्षी बाबांनी लावलेलं. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला आणि 'ही दिवाणी बाब आहे' असं सांगितलं. ऐकून राग येतो, पण फौजदारी अतिक्रमणाला नुसतं आत शिरणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, धाक दाखवण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो.

तेव्हा वकील शोधणं आलं, तेही फोनवरून. तिकडे अकराला कोर्ट सुरू होतं तेव्हा इथे अडीच वाजलेले असतात.

पहिले मुंबईचे, नात्यातले. त्यांनी हायकोर्टातल्या मोठमोठ्या प्रकरणांबद्दल सांगितलं. आमचा दावा मात्र तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात उभा राहणार होता. दुसरे म्हणाले, "निकाल आपलाच. जिंकल्यावर जागेच्या किमतीचे वीस टक्के द्या." निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तो फोन लवकर संपला.

तिसऱ्या वकीलबाई त्याच कोर्टात पंचवीस वर्षं जमिनीचे दावे चालवत आहेत, पण हा आकडा मला नंतर कळला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गडगा कोणत्या तारखेला सरकला?" विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे ताबा गेल्यापासून ६ महिन्यांत दावा केला, तर मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो. ती मुदत गेली की मालकी सिद्ध करत बसायचं. आणि १२ वर्षं स्वस्थ बसलात, तर शेजारीच मालकी सांगू लागतो.

मी सातबारा पाठवला. उत्तर आलं, "हा महसुलाचा कागद. एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत, फेरफार आणि जुन्या मोजणीचा नकाशा काढा." मग म्हणाल्या, "तुम्ही गडगा हलवताना पाहिलेला नाही. साक्षीदार तुमचे काका. त्यांना उलटतपासणी झेपेल ना?" मला अनुभव म्हणतात तो इथे दिसला. आपली लंगडी बाजू त्यांना आपल्याआधी दिसते आणि ती सांगायला त्या कचरत नाहीत. फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली, तारखेला स्वतः उभ्या राहणार की ज्युनिअर, तेही सांगितलं.

काकांच्या नावे मुखत्यारपत्राचा मसुदा त्यांनी या दाव्यापुरताच केला. विक्रीचा अधिकार त्यात नाही, आणि काकांनाही तेच हवं होतं. सहीसाठी तोझाई लाइनने थेट कुदानशिता, आपल्या वकिलातीत. (वकील आणि वकिलात एकाच घरचे, हे त्या दिवशी पटलं.) कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ते विसरू नका.

ऑगस्टमध्ये दावा दाखल झाला. झाडं तोडायला आणि पक्कं बांधकाम करायला तूर्तातूर्त मनाई मिळाली आहे. पुढची तारीख मी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहते. मोजणी दिवाळीनंतर आहे. शेजारी काकांशी अजून बोलत नाहीत. काकू मात्र त्यांच्याकडे दरवर्षीप्रमाणे फराळाचं ताट पाठवणार आहे. वकीलबाईंना विचारलं, त्यांची हरकत नाही.